लाँग लाइनवर घोडा उजव्या हाताला आत घुसतो, आणि बरा झाला म्हणता म्हणता पुन्हा घुसतो

तक्रार बहुतेक सगळ्यांची एकच. "डाव्या हाताला मस्त चालतो, उजव्या हाताला वर्तुळ कापतो." (उजव्या हाताला म्हणजे घोड्याची उजवी बाजू वर्तुळाच्या आत ठेवून.) लाँग लाइनवर, म्हणजे जमिनीवरून दोन लांब दोऱ्यांनी घोडा हाकताना, पहिल्या चार-दोन फेऱ्या बऱ्या जातात. मग वर्तुळ हळूहळू लहान व्हायला लागतं, आतला खांदा आपल्याकडं ढळतो, आणि शेवटी घोडा थांबून तोंड आपल्याकडं करून उभा राहतो. तोवर बाहेरची दोरी मागच्या पायांत. चाबूक दाखवला की आठवडाभर बरं चालतं, मग परत पहिले पाढे पंचावन्न.

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) संघानं सुवर्ण घेतलं. घोडेस्वारीत ४१ वर्षांनी आलेलं सुवर्ण. तेव्हापासून आपल्याकडंही ड्रेसाजचं नाव निघायला लागलंय, त्याचा आनंदच आहे. पण त्या घोड्यांची पैदासच या कामासाठी झालेली असते. आपल्या पागेत असतो शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड, नाहीतर मारवाडी, काठेवाडी, क्वचित भीमथडी. यातला एखादा वरातीत नाचून आलेला. म्हणून बाहेरचे व्हिडिओ बघून केलेले उपाय इथं अर्धेच लागू पडतात.

मुद्द्याचं आधीच सांगतो. ही उजव्या हाताची समस्या नाही. ती उजव्या हाताला दिसते, एवढंच. डाव्या हाताला घोडा मस्त चालतो असं आपण म्हणतो ना, तिथंच ती रोज नव्यानं तयार होते. जे फक्त उजव्या हाताला घाम गाळतात, त्यांच्याकडं ती परत येणारच.

जवळपास प्रत्येक घोडा थोडा वाकडा असतो, जसं माणसाचं डावखुरं-उजवखुरं असतं तसं. समजा घोडा डावीकडं पोकळ आहे. त्याची मान डावीकडं सहज मुरडते आणि वजन उजव्या पुढच्या पायावर पडतं. डाव्या वर्तुळात मान आत वळलेली असते म्हणून बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर गोलाई! प्रत्यक्षात उजवा खांदा बाहेर सांडत असतो. उजव्या वर्तुळात तोच उजवा खांदा आतला होतो, वजन त्याच बाजूला असतं, आणि घोडा आत कलंडतो. एकाच खांद्याच्या या दोन तक्रारी आहेत, पण पहिली कुणी करत नाही. (तुमचा घोडा डाव्या हाताला आत येत असेल तर या लेखातलं डावं-उजवं अदलाबदल करून वाचा.)

हे पटवून द्यायला भाषण लागत नाही, दोऱ्या हातात दिल्या की कळतं. आमच्याकडचे मोतद्दार मामा एकदा वैतागून म्हणाले, "डाव्या अंगाला झ्याक चालतंय बघा, उजव्यालाच कुठं माशी शिंकतीया कळंना."

"मामा, डाव्याच हाताला फिरवा. आतली दोरी हाताला कशी लागत्या?"

"रिकामीच हाय की. काय बी वजन न्हाई."

"आणि बाहेरची?"

"ती व्हय, दगड बांधल्यागत."

"आता उजव्या हाताला घ्या."

दोन फेऱ्या झाल्या. "आयला! उजवीच जड, डावी रिकामी. म्हंजे दोन्हीकडं त्येच की."

दोन्ही हातांना तेच. घोडा उजव्या दोरीवर लोंबकळतो आणि डावी दोरी घेतच नाही. पुढचं सगळं काम त्याला डावी दोरी घ्यायला लावण्याचं.

आधी दुखणं वगळा

शिकवायला सुरुवात करण्याआधी हे करा. ज्या घोड्याला दुखतंय त्याला वर्तुळात फिरवून वळण लागत नाही, दुखणं मात्र वाढतं.

कडक सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवून बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. खुरांना हात लावा, एखादा इतरांपेक्षा गरम लागतोय का? दात बघून घ्या. वरच्या दाढांना बाहेरच्या कडेनं आणि खालच्यांना आतल्या कडेनं धार येते, गालाला आणि जिभेला घासते, आणि घोडा एका बाजूची दोरी टाळायला शिकतो. वर्षातून एकदा दाढा घासून घेतल्या पाहिजेत. आपल्याकडं हे काम कायम मागं पडतं, कारण नालबंद दारात येतो, दाताचा डॉक्टर येत नाही. मग रोलर. पाठीवरचा हा पट्टा मदारीच्या हाडावर (मानेच्या मुळाशी, खांद्यांवरचा उंचवटा) टेकत असेल तर घोडा पाठ टाकून देतो. खाली जाड नमदा घाला आणि मणक्यावर हवा खेळेल एवढी फट ठेवा.

तोंडात काय आहे तेही बघा. काटेरी लगाम आजही सर्रास दिसतो. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी तो १९६५ च्या नियमांनीच बंद केलेला आहे, आणि कायद्याचं सोडा, तसल्या लोखंडावर कुठला घोडा विश्वासानं दोरी घेईल? साधा, गुळगुळीत स्नॅफल लगाम पुरे. शंका असेल तर काही दिवस लगाम काढून कॅव्हेसनवर, म्हणजे नाकपट्ट्याच्या कड्यांना दोऱ्या लावून, काम करा. तिथं आत घुसणं थांबलं तर अडचण तोंडात किंवा तुमच्या हातात आहे.

ठसे वाचा

बहुतेक लोक घोड्याच्या डोक्याकडं बघत बसतात. तुम्ही जमीन बघा.

सकाळी रिंगणात पहिल्यांदा उतरण्याआधी दाताळ्यानं माती ओढून सपाट करा. जून सुरू झाल्यावर एक-दोन पाऊस पडून माती दबली की ठसे आरशासारखे उठतात. मे महिन्याच्या फुफाट्यात काही दिसत नाही, तेव्हा थोडं पाणी मारा. घोड्याला उजव्या हाताला साध्या चालीनं दोनच फेऱ्या द्या आणि बाहेर काढा. मग उकिडवं बसून बघा. पुढच्या खुराचा ठसा गोल असतो, मागच्याचा निमुळता. हा फरक एकदा डोळ्यात बसला की गोंधळ होत नाही.

नीट चालणाऱ्या घोड्याचा मागचा पाय त्याच बाजूच्या पुढच्या पायाच्या वाटेवरच पडतो. निमुळते ठसे गोल ठशांच्या बाहेरच्या बाजूला पडलेत? मग खांदा आत पडतोय आणि पुठ्ठा बाहेर जातोय. आपल्या तक्रारीत दहांतले बरेचसे घोडे असेच निघतात. निमुळते ठसे आतल्या बाजूला असतील तर पुठ्ठा आत येतोय, आणि त्याला बहुधा मांडीवरून गेलेली बाहेरची दोरी जबाबदार असते, ती करकचून ओढलेली असते. ठसे एकाच वाटेवर पण वाटच आत आत येत चाललेली दिसली, तर घोड्याकडं नंतर बघू, आधी तुम्ही कुठं उभे होता ते बघा. तुमचेही ठसे तिथंच आहेत! आणि मागच्या एकाच पायाच्या ठशापुढं खुराचं टोक ओढल्यासारखी रेघ दिसत असेल तर दोऱ्या गुंडाळा आणि पशुवैद्याला फोन करा.

मग डाव्या हाताला हेच करा. ‘मस्त’ हाताचे ठसे पाहिल्यावर बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो.

मारवाडी-काठेवाडीवाल्यांसाठी एक जादा सूचना. हे घोडे ताणले गेले की दुडकी सोडून रेवाल चालीत जातात, एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर. बसायला झकास, पण ड्रेसाजची दुडकी म्हणजे तिरक्या जोडीची, आणि रेवाल चालीत ठशांचं हे वाचन लागू होत नाही. वेग कमी करा, चालीवर या, मग बघा.

दोऱ्या, आणि दोऱ्या धरणारा

दोऱ्या सात-आठ मीटरच्या, चपट्या. बाजारात मिळणाऱ्या सुती नवारीच्याही चालतात, पण पावसात भिजल्या की त्यांचंच वजन घोड्याच्या तोंडाला लागतं, तेव्हा पावसाळ्यात नायलॉनच्या वापरा. दोन्ही टोकं एकमेकांना जोडू नका, फासात पाय अडकतो. दोरी हाताला कधीच गुंडाळायची नाही, घड्या करून धरायची. हातमोजे, हेल्मेट, बूट. कोल्हापुरी पायतान कितीही करकरत असली तरी रिंगणाबाहेर.

ज्या घोड्याच्या मागच्या पायांना दोरीची सवय नाही, त्याला हे काम लगेच द्यायचं नाही. आधी दोघांनी मिळून, एकानं तोंडाशी धरून, दोरी मांडीवर, पोटऱ्यांवर फिरवून घ्यावी. दोरीला लाथ मारणं बंद झालं की पुढं जावं.

आता आत घुसणाऱ्या घोड्याची मांडणी. अनेकजण आतली दोरी लगामातून थेट हातात घेतात. तसं केलं की प्रत्येक वेळी तुम्ही त्याचं नाक स्वतःकडं बोलावता, आणि मग तो आला की रागावता. आतली दोरीही रोलरच्या कड्यातून घ्या. ती बरगडीच्या कडेनं येते, त्यामुळं तिच्याच हलक्या स्पर्शानं बरगडी बाहेर ढकलता येते. बाहेरची कड्यातून, मागं मांडीवरून, मागच्या पायाच्या मोठ्या सांध्याच्या वर. ती खाली घसरली की घोडा दचकतो. ताठ ओढली तर घोड्याचं तोंड बाहेर वळतं, आणि तोंड बाहेर वळलेला घोडा आतल्या खांद्यावरच पडतो. म्हणजे बाहेरची दोरी ओढून त्याला बाहेर ठेवायला जाल तितका तो आत येईल. माझ्या मते नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी इथंच संपतात.

वरातीतला घोडा असेल तर दोन्ही दोऱ्या एकाच वेळी घट्ट झाल्या की तो जागच्या जागी नाचायला लागेल. त्याला तेच शिकवलंय, बिचाऱ्याची काय चूक. त्याला पियाफे (ड्रेसाजमधली जागच्या जागी केलेली तालबद्ध दुडकी) समजून खूश होऊ नका. पाठ दगडासारखी आणि मान वर असेल तर ते फक्त ताणलेलं जनावर आहे. दोऱ्या ढिल्या करा, पुढं चालवा.

मागून दोऱ्या धरून घोडा हाकणं कोल्हापूरला नवं नाही. शाहू महाराज स्वतः खडखडा, म्हणजे घोड्यांची गाडी, हाकत निघायचे, हे इथल्या प्रत्येकानं ऐकलेलं असतं. खेड्यातून आलेल्या आपल्या पोरांना तर कासरा जन्मापासून ठाऊक. पण नेमकी तीच सवय इथं आडवी येते. बैलाला वेसण असते. कासरा ओढला की नाक वळतं आणि नाकामागं बैल. घोड्याचं नाक वळलं म्हणून खांदा वळत नाही. मान डावीकडं मुरडून उजव्या खांद्यानं सरळ चालत जाणारा घोडा तुम्ही पाहिलाच असेल. वळवायचा असतो खांदा, आणि तो वळतो बाहेरच्या दोरीनं. कासऱ्याच्या हातांना हे उलटं वाटतं, म्हणून शिकवताना माणसाला वेळ द्यावा लागतो, घोडा लवकर शिकतो.

उभं कुठं राहायचं? घोड्याच्या कमरेच्या रेषेत किंवा किंचित मागं. पोटपट्ट्याच्या पुढं गेलात की तुम्ही त्याची वाट अडवता आणि तो थांबून तोंड करतो. लंजिंगसारखं (एकाच दोरीवर घोडा गोल फिरवताना) खांबागत मध्यभागी उभं राहू नका, स्वतःही लहान वर्तुळात चाला. चाबकाचं टोक पुठ्ठ्याकडं नको, आतल्या खांद्याकडं रोखा, तेही मारायला नव्हे. नुसतं तिकडं बोट दाखवल्यासारखं. अगदी मागोमाग चालणार असाल तर एक तर पुठ्ठ्याला चिकटून, नाहीतर दुगाणीच्या टप्प्याबाहेर दोन घोड्यांच्या लांबीवर. मधलं अंतर हाडं मोडायचं.

काम

आधी सरळ. वर्तुळाचं दुखणं आहे म्हणून वर्तुळातच मरत बसायची गरज नाही. उसाच्या रानाकडेची गाडीवाट असते, सकाळी साडेसहाला मोकळी असते. मागून दोन्ही दोऱ्या सारख्या धरून घोडा पुढं चालू द्या. (साखर कारखाने सुरू झाले की ही वाट विसरा. गाणी लावलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आला की शहाणा घोडाही बुजतो, आणि उधळलेल्या घोड्यामागं लाँग लाइन असणं धोक्याचं.) कुंपणाच्या कडेनं सगळेच सरळ चालतात. कुंपण संपल्यावर तो कुठल्या बाजूला वाहतो ते बघा, ती त्याची जड बाजू. थांबा, चाला, थांबा. थांबल्यावर चारही पाय चौकोनात आहेत का बघा. हे कंटाळवाणं आहे, आणि बहुतेकजण हेच टाळतात.

मग डावा हात, तोच ‘चांगला’. वर्तुळ करूच नका, चौरस करा. ड्रेसाजच्या लहान रिंगणाची रुंदी २० मीटर असते, तेवढीच बाजू धरा. बाजूवर मान अगदी सरळ, डावीकडं अजिबात मुरडू द्यायची नाही. कोपरा आला की डावी दोरी ओढायची नाही. उजवी, बाहेरची दोरी त्याच्या उजव्या खांद्याला आणि मांडीला टेकवून खांदा डावीकडं आणायचा. पहिल्या दिवशी घोडा कोपरा ओलांडून पुढंच जाईल. जाऊ द्या. थांबवा, पुन्हा. थोड्या दिवसांनी एक क्षण येतो. कोपरा वळून बाहेर पडताना डावी दोरी, जी इतके दिवस लोंबत होती, ती हातात हलकेच भरते. घोडा नाक पुढं काढून तिच्यात येतो. तो क्षण आला की लगेच थांबा, मान थोपटा, उजव्या हाताकडं वळा.

उजव्या हाताला वर्तुळच करा, पण लहानाकडून मोठ्याकडं. साधारण १२ मीटरवर सुरू करून फेरीगणिक बाहेर ढकलत २० मीटरपर्यंत. आतल्या दोरीनं नाक जेमतेम आत, म्हणजे आतला डोळा दिसेल इतकंच, आणि लगेच ढील. धरून ठेवली की घोडा तिच्यावर टेकतो, आणि त्याला टेकायला जागा मिळाली की तो तुमच्यापेक्षा जास्त वेळ टेकू शकतो. ढील दिली की पडायला आधारच उरत नाही. बरगडीला आतल्या दोरीचा स्पर्श, खांद्याकडं चाबकाचं टोक, आणि बाहेरची डावी दोरी हळूच भरू द्यायची. आत कलंडायच्या आधीच्या पावलाला त्याचा आतला कान तुमच्यावरून उडतो आणि वेग थोडा वाढतो. तिथंच पकडा. कलंडल्यावर ढकलणं म्हणजे वरातीमागून घोडं.

दोन्ही हात जमायला लागले की इंग्रजी आठ काढा. लाँग लाइनचा खरा फायदा हाच, की घोडा न थांबवता हात बदलता येतो. मधल्या दोन-तीन पावलांत घोडा अगदी सरळ असला पाहिजे. खांद्यांचा आखडलेपणा घालवायला अठराव्या शतकात फ्रान्सच्या ला गेरिनिएरनं खांदा आत घेऊन चालण्याचा जो व्यायाम रूढ केला, तो भिंतीकडेनं चालीत करायची वेळही याच्यानंतर येते, आधी नाही. व्हिएन्नातल्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचे लिपिझ्झानर पुठ्ठ्याशी चालणाऱ्या माणसाच्या हातात सगळ्या अवघड चाली करतात, ते बघून जीव हरखतो. पण ते वर्षानुवर्षांच्या कामाचं फळ आहे, भावा.

एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं, त्यात हात सतत बदलत. घट्ट वर्तुळात तासभर फिरवलेल्या घोड्याचे सांधे आतून झिजतात आणि मग खरंच लंगडून आत येणारा घोडा तयार होतो.

पुन्हा उलटली तर

भिंतीवर एक कॅलेंडर टांगा. समस्या कधी परत आली, नाल कधी बसवले, घोडा किती दिवस बांधून होता, दोऱ्या कुणी धरल्या, एवढं लिहा. दोन-तीन महिन्यांत नमुना दिसतो.

नाल बसवून पाचवा-सहावा आठवडा लागला की दर वेळी उलटत असेल, तर खूर वाढून टाच खचते आहे. नालबंदाला आठवडाभर आधी बोलवा. आपल्या पावसाळ्यात जुलै-ऑगस्टचे कितीतरी दिवस रिंगण चिखलाचं असतं, घोडा ठाणावर उभा राहतो, चंदी मात्र तेवढीच खातो. पाऊस उघडल्यावर तो आत घुसेल, उधळेल, सगळं करेल. त्या आधीच चंदी कमी करा आणि परतल्यावर पहिला आठवडा फक्त सरळ चालवा. निसरड्या रिंगणात आत पडणं हे त्याचं तोल सांभाळणं असतं, तेव्हा त्या दिवशीची नोंद धरूच नका. माणूस बदलला की उलटत असेल, तर नव्या माणसाला घोड्याआधी दुसऱ्या माणसाच्या हातात दोऱ्या देऊन सराव द्या: समोरच्यानं डोळे मिटायचे आणि कुठली दोरी जड लागते ते सांगायचं. पाच मिनिटांत स्वतःचा जड हात कळतो. बहुतेकांचा उजवाच निघतो.

यातलं काहीच जुळत नसेल, ठसे दिवसागणिक बदलत असतील, किंवा आधी बरा असलेला हातही बिघडायला लागला असेल, तर काम बंद करून पाठ आणि मागचे पाय तपासून घ्या. आणि स्वार बसवायची घाई असेल त्यांच्यासाठी: खोगीर चढवण्याआधी दोन्ही हातांना लाँग लाइनवर दहा मिनिटं चालवा. डावी दोरी रिकामी लागली तर त्या दिवशी रिकिबीत पाय घालू नका.